उपवनचा हरण्या गेला, आठवणी इथे लिहा

येऊरवाट

मंडळी, आपला हरण्या गेला. रविवारी पहाटे.

ठाण्यात उपवन, शिवाईनगर, वर्तकनगर या पट्ट्यात ज्यांचं सकाळचं चालणं असतं त्यांनी या कुत्र्याला पाहिलेलं असणारच. बदामी रंग, उंच पाय, निमुळतं लांब तोंड, खोल छाती आणि पोट पार पाठीला लागलेलं. नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, "अहो, याला कुणी खायला घालत नाही का?" घालत होतो हो, सगळेच घालत होतो. त्याची जातच तशी. कारवान. या कुत्र्यांच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसायलाच हव्यात, नाही दिसल्या तर कुत्रा सुटलाय समजायचं.

लॉकडाऊननंतरच्या पावसाळ्यात तो पहिल्यांदा तलावाच्या कडेला दिसला. गळ्याभोवती केस झडून पट्ट्याची गोल खूण उमटलेली. कोपरांवर घट्टे. माणूस जवळ गेला तर पळायचा नाही, भुंकायचाही नाही. थोडा मागे सरून उभा राहायचा आणि आपल्या पलीकडे कुठे तरी लांब बघत बसायचा. कुणी आणला, कुणी सोडला, शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे महापालिकेच्या गाडीने नेऊन नसबंदी करून परत आणून सोडला, तेव्हापासून कानाचं टोक कापलेलं.

इथल्या गावठी कुत्र्यांनी सुरुवातीला त्याला कठड्याला टेकू दिलं नाही. टोळीने अंगावर जायची. हा भांडायचाच नाही. उठायचा, चार ढांगांत त्यांच्या टप्प्याबाहेर, आणि तिथे जाऊन पुन्हा बसायचा. मग पुन्हा ती मागे, पुन्हा हा पुढे. शेवटी टपरीवरची ती कानफाटी कुत्री एके दिवशी त्याच्या शेजारी येऊन झोपली आणि भांडण मिटलं.

त्याचं धावणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगू! पहाटे मैदान रिकामं असलं की एका टोकाला उभा राहायचा. कान मागे घ्यायचा. मग सुटायचा. चारही पाय पोटाखाली गोळा व्हायचे, पाठ वाकायची, आणि दुसऱ्या क्षणाला सगळं अंग ताणून तो हवेत. ही कुत्री भरवेगात असताना एकेका ढांगेत दोनदा पूर्ण अधांतरी असतात, एकदा पाय आवळलेले असताना आणि एकदा पसरलेले असताना. मी हे आधी वाचलं होतं, पण खरं वाटलं ते त्याला बघून. क्रिकेट खेळणारी पोरं बॉल हातात धरून थांबायची. हरण्या हे नावही त्याच पोरांनी ठेवलं. दोन फेऱ्या झाल्या की जीभ बाहेर, आणि सावलीत आडवा.

यंदा जून संपताना ताप आला. गोचीडताप. पूर्वी एकदा झाला होता, औषधांनी उठला होता. या वेळी घोळणा फुटला आणि रक्त थांबेना. डॉक्टर रोज संध्याकाळी टपरीमागच्या शेडमध्ये येऊन सलाइन लावून जायचे. गेला तेव्हा आपल्या रिक्षावाल्या दादाच्या मांडीवर डोकं होतं. वर पाड्यावरच्या एका काकांनी स्वतःच्या जागेत कोपरा दिला. खोल खड्डा खणून, मीठ घालून तिथे पुरला.

धागा काढायचं कारण असं की आपण सगळ्यांनी त्याचा दिवस वाटून घेतला होता. माझ्या वाट्याला फक्त सकाळ आली. दुपारी तो कुठे असायचा, सणावाराला कुठे जायचा, हे तुमच्यापैकी कुणाला तरी माहीत असेल. मला तो पूर्ण हवा आहे. लिहा.

तलावपाळी

फार वाईट वाटलं. दर रविवारी उपवनला येतो, गेल्या रविवारी दिसला नाही तेव्हाच शंका आली होती. श्रद्धांजली.

जास्वंद

दुपार आमच्याकडे होती.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचं नाव राजा. बाराच्या सुमाराला यायचा, जिन्याखालच्या गार फरशीवर पडायचा, चारला निघून जायचा. दहीभात, कधी भाकरी कुस्करून, शनिवारी अंडं. हावरटपणा नाहीच. ताटलीपासून लांब उभा राहणार, मी पाठ फिरवल्यावर खाणार. सहा महिन्यांनी कधी तरी पहिल्यांदा माझ्या देखत खाल्लं, तेव्हा मी घरात जाऊन रडले होते.

फरशी गार असली तरी कडक, आणि त्याच्या अंगावर मांसाची गादी नाही. कोपरं सोलवटून निघायची. माझ्या सासूबाईंनी जुन्या नऊवारीची गोधडी शिवली, आत गोणपाट घालून. वय ब्याऐंशी, सुईत दोरा नातीने ओवून द्यायचा. त्याला म्हणायच्या, "हाडं टोचतात ना रे बाबा? माझीपण टोचतात." तो गोधडीवर यायला तयारच नव्हता. त्यांनी जिन्यात खुर्ची टाकली आणि रोज दुपारी गोधडीच्या शेजारी बसून राहिल्या. आठवड्याने आला.

फटाक्यांना मात्र फार भ्यायचा. पहिला बार वाजला की धडधडत दोन मजले चढून थेट आमच्या मोरीत. नरकचतुर्दशीची अभ्यंगस्नानं आम्ही शेजाऱ्यांकडे उरकायचो, कारण मोरी राजाची. सासूबाईंचा हुकूम होता, त्याला कुणी उठवायचं नाही.

कुणी तरी विचारेलच की घरी का नाही ठेवला. माझ्या भावाने कोलशेतला नेला होता. सातवा मजला. भाऊ जीव लावणारा, दोन वेळा फिरवायचा, मटणाचा रस्सा घालायचा. तो दिवसभर दाराकडे तोंड करून उभा. बसायचाच नाही. भावानेच परत आणून सोडला. गाडीचं दार उघडल्यावर मैदानाकडे जो गेला तो संध्याकाळीच दिसला.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते कुणी सुचवा.

आठशेमीटर

मी लोकमान्यनगरची. सध्या पोलीस प्रशिक्षणात आहे, मोबाइल थोडाच वेळ हातात असतो, म्हणून पटकन लिहिते.

भरतीला मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. क्लासची फी परवडणारी नव्हती, म्हणून पहाटे पाचला एकटीच मैदानावर जायचे. अंधार, टवाळ पोरं, बाबा नकोच म्हणत होते. एका सकाळी बाबा स्वतः बघायला आले. हरण्या माझ्या डाव्या बाजूला, मी चालले की चालणार, मी थांबले की थांबणार. कट्ट्यावर बसलेल्या दोघांनी काहीतरी शेरा मारला तर हा नुसता त्यांच्या दिशेने वळून उभा राहिला. भुंकला नाही की दात दाखवले नाहीत. ते उठून गेले. त्या दिवसानंतर बाबांनी नाही म्हटलं नाही.

८०० ला तो माझ्याबरोबर यायचा नाही, पहिल्या वळणावरच गवतात बसायचा. पण १०० मीटरला मी पवित्रा घेतला की उठून शेजारी येणार. त्याच्या पायाचा आवाज कानाच्या मागे आला की माझे पाय आपोआप उचलले जायचे. माझी वेळ त्याच्यामुळे सुधारली, हे मी कुणालाही सांगेन.

निकाल लागला तेव्हा पेढा त्याला दिला नाही, डॉक्टरांनी गोड द्यायला मनाई केली होती. उकडलेली अंडी दिली. ताई, आजींना खरं सांगा. त्यांना कळलेलं असेल.

जतचा माणूस

मूळचा सांगली जिल्ह्यातला, जतकडचा. नोकरीमुळे घणसोलीत. हरण्याला पाहिलं नाही, पण वर्णन वाचून घरची आठवण आली.

आमच्याकडे यांना कारवान, कारवानी म्हणतात. तिकडे लातूर, सोलापूरपर्यंत आणि खाली कर्नाटकात ही कुत्री आहेत. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. त्यांनी ही कुत्री जोपासली, एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली, त्यामुळे मुधोळ हाऊंड हे नाव झालं. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्लं नेली. एवढ्या मानाची जात ठाण्याच्या रस्त्यावर कानाचं टोक कापून फिरते, हे वाचून जीव तुटला.

ही कुत्री वासावर नाही, नजरेवर शिकार करतात. डोळे डोक्याच्या बाजूला, त्यामुळे मान न हलवता बरंच मागचंही दिसतं. तुम्ही लिहिलंय की तो माणसाच्या पलीकडे लांब बघायचा. तो माळ शोधत होता. आमच्या माळावर आजोबांच्या वेळी गळ्यात फडकं अडकवून कुत्रं हाताशी धरायचे, ससा उठला की फडकं सोडायचं, पुढचं काम कुत्र्याचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते बरंच झालं. पण कुत्र्याच्या रक्तातून काही ती गेली नाही. आता आमच्या भागात शर्यती लावतात. कुत्रा जिंकतो तोवर त्याला दूध, अंडी, खारीक. पाय लचकला, वेग उतरला की तेच कुत्रं वाऱ्यावर. माझ्या डोळ्यांसमोरच्या गोष्टी आहेत.

शहरातली तऱ्हा निराळी. कुणी रुबाबासाठी पिल्लू नेतो. दहा महिन्यांत ते कमरेएवढं होतं, त्याला रोज मोकळं पळायला लागतं. ते जमत नाही, मग साखळी. गळ्यावरची खूण आणि कोपरांचे घट्टे एकत्र असतील तर तो सिमेंटच्या फरशीवर वर्षभर तरी बांधलेला होता, एवढं मी इथे बसून सांगतो. ज्याने सोडला त्याला निदान हे मैदान जवळ आहे हे माहीत असावं, अशी मी आपली समजूत घालून घेतो.

एकच विचारायचं आहे. झोपेत पाय हलवायचा का?

येऊरवाट

रोज. चारही पाय. आम्ही चहा घेत बघत बसायचो.

पाड्यावरून

मी येऊरचा. इथे सगळं गोड लिहिलंय, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. राग मनात ठेवून लिहीत नाही.

हरण्याने आमच्या पाड्यातल्या कोंबड्या धरल्या. एकदा नाही. ससा तोंडात धरून रस्ता ओलांडताना मी स्वतः पाहिलाय. आमच्या घरांना लागून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ससा, भेकर, मोर सगळं आहे. अशा जागी शिकारी जातीचा कुत्रा मोकळा फिरणं चांगलं नाही, त्याने किती जीव घेतले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या खाली येतो. इथल्या बिबट्यांच्या पोटात कुत्री जातात हे आम्हाला अभ्यासकांनी सांगायची गरज पडली नाही. दिवेलागण झाली की आम्ही आमची कुत्री आत घेतो. तुम्ही शहरातली माणसं खाऊ घालता आणि घरी जाता.

आता दुसरं. ज्या काकांनी पुरायला जागा दिली ते माझे चुलते. कोंबड्या त्यांच्याच गेल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, आपल्या जागेत कशाला? ते म्हणाले, माझी नात उतारावरून शाळेच्या गाडीपर्यंत एकटी जायची तेव्हा हा तिच्याबरोबर जायचा, तिला गाडीत बसलेलं बघून मग खाली उतरायचा. कोंबडी तर मुंगूसपण नेतं. तर जागा त्यांनी त्यासाठी दिली. मीच खड्डा खणायला होतो.

येऊरवाट

दादा, मनापासून आभार, खणल्याबद्दल आणि लिहिल्याबद्दलही. नातीची गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. हा धागा अशाच गोष्टींसाठी काढला.

तुमचं म्हणणं सगळंच मान्य आहे. कोंबड्यांचे पैसे आम्ही काकांना दिले होते, पण पैशाने ससा परत येत नाही. त्यानंतरच रिक्षावाला दादा संध्याकाळी सातला त्याला शेडमध्ये घेऊन जाळीचं दार लावायला लागला. रात्री तिथेच, कानफाटीबरोबर. सकाळी पाचला दार उघडायचं. म्हणून तो पहाटे मैदानावर असायचा. रात्री जंगलाकडे गेला नाही, बिबट्याच्याही तोंडी पडला नाही, याचं श्रेय त्या एका माणसाचं. तो इथे लिहिणार नाही. त्याने तीन दिवस रिक्षा काढलेली नाही.

वर्तकनगरवाली

आमच्याकडे तो कधी थांबला नाही, रोज नुसता पुढून जायचा. सव्वाचार वाजता. माझ्या आजारी वडिलांचा पलंग खिडकीला लावलाय, ते त्याची वाट बघायचे. "पोस्टमन गेला," म्हणायचे. एवढंच.

गुरांचा डॉक्टर

हरण्याला मीच तपासत होतो. काय झालं ते नीट लिहितो, कारण उपवनच्या बाकीच्या कुत्र्यांनाही हाच धोका आहे.

गोचीड चावताना रक्तात जंतू सोडते. पहिल्या टप्प्यात ताप, अन्नावरची वासना जाणं, डोळ्यांत लाली. योग्य गोळ्या साधारण चार आठवडे न चुकता दिल्या तर बहुतेक कुत्री उठतात. अडचण अशी की काहींच्या शरीरात हा जंतू पुढे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं दडून राहतो. कुत्रा खातो, पितो, धावतो. आतून मात्र हाडांमधला मगज, जिथे रक्त तयार होतं, तो निकामी होत जातो. मग रक्त गोठवणाऱ्या पेशी इतक्या खाली येतात की घोळणा फुटतो. हरण्या माझ्याकडे या टप्प्यावर आला. औषधं सुरू होती, पण मगज साथ देईना.

या बांध्याच्या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट कळून ठेवा. यांच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त. साध्या कुत्र्यात ते ३७ ते ५५ टक्के धरतात, यांच्यात ५० च्या वर, कधी ६० पर्यंत. त्यामुळे रिपोर्टमध्ये ४० आलं की छापील तक्त्यानुसार ते ठीक दिसतं, आणि प्रत्यक्षात कुत्र्याचं बरंच रक्त कमी झालेलं असतं. उलट गोठवणाऱ्या पेशी यांच्यात निरोगी असतानाही थोड्या कमीच असतात. तेव्हा डॉक्टरांना आधी जात सांगा. भूल देतानाही सांगा. अंगावर चरबी नसल्यामुळे जुन्या पद्धतीची काही भुलीची औषधं यांच्या शरीरातून उतरायला फार वेळ घेतात.

गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसते. भिंतीच्या भेगांत, शेडच्या खांबांत, पोत्यांखाली अंडी घालते. शेड रिकामी करून, भेगा बुजवून, फवारणी करून घ्या. कानफाटीला मी काल गोळी दिली आहे, तिचं रक्तही घेतलं.

मला तो कधी चावला नाही. सुई टोचताना मान वळवून दुसरीकडे बघायचा.

जास्वंद

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चार दिवस आला नाही, मी समजले." दुपारी खुर्ची घेऊन जिन्यात बसल्या होत्या. शेडच्या फवारणीला आमच्या बिल्डिंगकडून पैसे देते. औषधांचे उरलेलेही त्यातच घाला.

ऐरोलीकर

चुकीच्या जागी लिहितोय का माहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. ऐरोलीत खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर पंधरवड्यापासून असंच एक कुत्रं दिसतंय. करड्या रंगाची मादी, तशीच उंच, पोट आत. गळ्यात तुटलेल्या साखळीचा तुकडा. मी तिला रोगट समजत होतो. जवळ गेलं की मागे सरते आणि लांब बघत उभी राहते. मागचा उजवा पाय जरा उचलून टाकते. काय करू?

जतचा माणूस

तीच जात, शंभर टक्के. पाय उचलते म्हणजे शर्यतीतून बाद केलेली असू शकते.

मागे धावू नका, माणसाच्या बापाला ती सापडायची नाही, आणि घाबरून ठाणे-बेलापूर रस्त्यावर गेली तर संपलं. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच माणसाने खायला ठेवा. उकडलेलं अंडं, भाकरी, थोडा सुका बांगडा चालेल. ठेवून पाठमोरे बसा, तिच्याकडे बघू नका. साधा पट्टा घालू नका, यांची मान डोक्याइतकीच जाड असते, पट्टा मागच्या मागे निघतो. रुंद कापडी पट्टा लागतो. माझ्याकडे घरचा आहे. घणसोलीहून मला दहा मिनिटं लागतात. उद्या संध्याकाळी साडेसहाला येतो, नक्की जागा मला निरोपात कळवा.

येऊरवाट

मी आणि रिक्षावाला दादा दोघं येतो. त्याला विचारलं, लगेच हो म्हणाला. फक्त तिला उपवनला आणायचं नाही, पाड्यावरच्या दादांनी लिहिलंय ते विसरून चालणार नाही. जागा जंगलापासून लांब हवी, मोकळं पण कुंपण असलेलं मैदान जवळ हवं. कुणाच्या ओळखीत असेल तर इथेच सांगा.

पाड्यावरून

माझा मेहुणा कल्याणच्या पुढे शेती करतो. तारेचं कुंपण आहे, कोंबड्या नाहीत. विचारून रात्री लिहितो.

गुरांचा डॉक्टर

हाताशी आली की आधी रक्त तपासायचं, मग त्या पायाचा एक्स-रे, नसबंदी सगळ्यात शेवटी. गोचिडी हाताने उपटू नका. शनिवारी अकरानंतर दवाखान्यात आहे, थेट घेऊन या.